प्रतिसाद : रोमचा हुकूम आणि मतपेटी

वरच्या प्रतिसादात ‘कॅथलिक मंडळी रोमच्या हुकमावर मत देतात, म्हणून त्यांचं राजकारण संशयास्पद’ असं म्हटलंय (रोम म्हणजे पोप आणि त्यांची चर्चसत्ता). हा संशय जुनाच आहे, आणि तो आपल्याकडचाही नाही. 1960मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार केनेडी यांना ह्यूस्टनला प्रोटेस्टंट पाद्र्यांपुढे उभं राहून सांगावं लागलं, की आपण कॅथलिक उमेदवार नाही, पक्षाचे उमेदवार आहोत आणि योगायोगानं कॅथलिक आहोत.

रोमनं आपल्याच माणसांना आवरल्याचीही उदाहरणं आहेत. रॉबर्ट ड्रायनन हे जेझुइट (एका कॅथलिक धर्मसंघाचे) पाद्री दहा वर्षं अमेरिकी काँग्रेसमध्ये होते; 1980मध्ये रोमचा आदेश आला आणि त्यांनी पुन्हा निवडणूक लढवली नाही. आपल्या संविधान सभेत मात्र फादर जेरोम डिसोझा बसले होते, हे किती जणांना ठाऊक असतं?

पण मला इंदूरकर म्हणून आठवतात त्या सिस्टर राणी मारिया. मूळच्या केरळच्या. उदयनगरकडच्या आदिवासींना सावकाराच्या कर्जातून सोडवायला त्यांनी बचतीची सवय लावली, सरकारी योजना समजावून दिल्या. ना पक्ष, ना झेंडा. 25 फेब्रुवारी 1995ला इंदूरला येणाऱ्या बसमध्ये त्यांना भोसकून मारलं. 2017च्या नोव्हेंबरात इथेच त्यांना ‘धन्य’ (कॅथलिक चर्चमध्ये संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं गेलं. मारेकऱ्याला तर त्यांच्या सख्ख्या बहिणीनं तुरुंगात जाऊन राखी बांधली होती! आता सांगा भाऊ, हे राजकारण म्हणायचं की श्रद्धा? सावकाराला विचाराल तर तो राजकारणच म्हणेल.