टेक-ऑफचा तक्ता आणि इंदूरचा मे महिना: माझं कुठे चुकतंय?

पलासियाचं_पाखरू
नमस्कार. सेसना १७२ या छोट्या विमानावर उडायला शिकतेय, जेमतेम वीस तास झालेत. दुपारच्या टेक-ऑफचं गणित सरावासाठी करतेय. आपल्या विमानतळाची उंची १,८५० फूट, क्यूएनएच (समुद्रसपाटीच्या हिशोबाने हवेचा दाब) १००३ हेक्टोपास्कल, तापमान ४० धरलं. डेन्सिटी अल्टिट्यूड (इथली तापलेली हवा किती उंचीवरच्या हवेइतकी विरळ आहे तो आकडा) आली ५,७०० फुटांच्या आसपास. म्हणून टेक-ऑफला किती अंतर लागेल त्या तक्त्यात ६,००० ची ओळ आणि ४० चा रकाना घेतला, तर अंतर बघून धडकीच भरली. बरोबर आहे का हे? आणि सुरक्षेसाठी त्यावर आणखी किती अंतर राखून ठेवता तुम्ही?

पोहेजिलबी
अगं, धावपट्टी पावणेतीन किलोमीटर आहे! कशाला डोकं शिणवतेस?

जुना_वैमानिक
भिया, हाच विचार घात करतो. लांब धावपट्टीवर शिकलेली पोरं तक्ता उघडतच नाहीत, आणि पुढे एखाद्या आखूड पट्टीवर जातात तेव्हा झाडं जवळ येताना दिसतात.

बेटा, तू ऊन दोनदा मोजलंस. या तक्त्यातली ओळ प्रेशर अल्टिट्यूडची, म्हणजे नुसत्या हवेच्या दाबावरून काढलेल्या उंचीची असते, तापमानाला वेगळा रकाना आहे. डेन्सिटी अल्टिट्यूडमध्ये तापमान आधीच आलेलं. १००३ म्हणजे १०१३ या प्रमाण दाबापेक्षा दहाने कमी, दर हेक्टोपास्कलला तीस फूट धर: १,८५० अधिक ३००, म्हणजे २,१५०. कॉकपिटात असशील तर आल्टिमीटरवर (उंची दाखवणाऱ्या यंत्रावर) १०१३ लाव, आकडा समोर दिसतो. मग २,००० आणि ३,००० च्या मधलं प्रमाण काढ. माझ्यासारखा कंटाळा असेल तर सरळ ३,००० ची ओळ घे.

नुसती जमिनीवरची धाव बघू नकोस, ५० फुटांचा अडथळा ओलांडायचं अंतर बघ. आणि तळटीपा वाच. समोरचा वारा दर ९ नॉटला अंतर १० टक्के कमी करतो, पाठीमागचा मात्र दर २ नॉटलाच १० टक्के वाढवतो! कोरड्या गवताच्या पट्टीसाठी जमिनीवरच्या धावेच्या १५ टक्के आणखी. हे आकडे नव्या विमानाचे, सराईत हाताचे. आपलं विमान आणि आपला हात तसा नसतो. मी शेवटी १.३३ ने गुणतो.

रकाना ४० ला संपतो. पारा ४३ वर गेला तर अंदाजाने पुढे ताणायचं नाही, हँगरमध्ये चहा प्यायचा.

पोहेजिलबी
काका, मान्य. मग ते ५,७०० फुकट गेले का?

जुना_वैमानिक
नाही रे. इंजिन आणि पंख यांना तेवढ्या उंचीवरची विरळ हवा मिळणार, म्हणून चाकं सुटल्यावर चढाई रेंगाळते. लांब धावपट्टी तिथे कामाची नाही. चढाईचा तक्ताही त्याच वेळी उघडायचा.

पलासियाचं_पाखरू
काका, पुन्हा केलं. अंतर बरंच खाली आलं, १.३३ ने गुणूनही पहिल्या आकड्यापेक्षा कमीच. मग सकाळी साडेसहाचे २६ अंश धरून पाहिलं, आणखी घटलं. दुपारचा स्लॉट बदलून मागतेय. इन्स्ट्रक्टर सर कुरकुरतील, पण कागद दाखवीन.

पोहेजिलबी
साडेसहाला उडून आलीस की पोहे माझ्याकडून.