उघड्यावर झोपण्यासाठी परवडणारी बिव्ही बॅग कशी निवडावी?

पथारी (प्रश्न)

एकट्याने डोंगरात एखाद-दुसरी रात्र काढायची असते तेव्हा दोन माणसांचा तंबू पाठीवर वाहून नेणे मला आता नकोसे झाले आहे. म्हणून स्लीपिंग बॅगवर चढवायची जलरोधक खोळ, म्हणजेच बिव्ही बॅग, घ्यावी असे मनात आहे. खर्चाला मात्र मर्यादा आहे आणि शोध घेतल्यावर माझा गोंधळ कमी होण्याऐवजी वाढला आहे. आतून चंदेरी असलेली आणीबाणीची पिशवी सर्वांत स्वस्त मिळते. पॉलियुरेथेनचा लेप दिलेल्या नायलॉनच्या बॅगा तिच्याहून महाग असल्या तरी आवाक्यात आहेत आणि त्यांच्यावर ‘३००० मिमी जलरोधक’, ‘श्वसनक्षम’ (म्हणजे आतली वाफ बाहेर सोडणारे) असे छापलेले असते. पाणी अडवून वाफ सोडणाऱ्या गोरटेक्ससारख्या कापडाच्या नव्या बॅगा माझ्या खिशाला झेपणाऱ्या नाहीत, पण सैन्याच्या वापरातून निघालेल्या जुन्या मिळू शकतात असे वाचले.

माझी स्लीपिंग बॅग पिसांची आहे, मॅट हवा भरायची आहे आणि मी कुशीवर झोपतो. मी जातो तिथे रात्रीचे तापमान सहसा ५ अंशांच्या खाली जात नाही. पाऊस ठरवून टाळतो, तरी अधूनमधून एखादी सर गाठतेच. सध्या माझ्याकडे टार्प, म्हणजे डोक्यावर ताणून बांधायचे जलरोधक कापड, नाही, पण गरज असेल तर घेईन. पैसे कुठे वाचवले तर चालतील आणि कुठे वाचवू नयेत, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

दगडवाट

बिव्ही बॅग घेणारा माणूस बहुधा पावसाचा विचार करतो. प्रत्यक्षात त्याला जास्त रात्री भिजवते ती त्याच्या स्वतःच्या शरीरातून निघणारी वाफ, त्यामुळे कापडाचा विचार तिथून सुरू करावा. घाम आला नाही तरी माणसाच्या शरीरातून दिवसभरात साधारण ७०० मिलिलिटर पाणी नकळत बाहेर पडते, त्यातले जवळजवळ निम्मे श्वासावाटे आणि उरलेले त्वचेतून. रात्रीच्या आठ तासांच्या वाट्याला त्यातले पाव लिटरच्या आसपास येते. ही वाफ बाहेर गेली नाही तर बॅगेच्या थंड आतल्या बाजूवर तिचे पाणी होते आणि ते तुमची पिसे शोषून घेतात. ओल्या पिसांचे गुच्छ होतात, त्यांचा फुगवटा जातो आणि फुगवटा गेला की ऊबही जाते.

या हिशेबाने चंदेरी पिशवी नियमित झोपण्यासाठी बादच आहे. तिची चकाकी शरीराची उत्सर्जित उष्णता परत फिरवते हे खरे, पण तिच्यातून वाफेचा कणही बाहेर जात नाही आणि जमिनीत झिरपणारी उष्णता ती अडवू शकत नाही. अपघात झाला, वाट चुकली, रात्र निभावून न्यायची आहे, अशा प्रसंगासाठी ती पाठपिशवीच्या तळाशी अवश्य असावी, कारण तेव्हा ओल ही दुय्यम बाब असते. मुद्दाम झोपायला निघालेल्या माणसाने तिच्यावर भिस्त ठेवू नये.

आता छापलेल्या आकड्यांबद्दल. ‘३००० मिमी’ याचा अर्थ असा की कापडावर ३००० मिलिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा राहीपर्यंत त्यातून पाणी पाझरत नाही. वरून पडणाऱ्या पावसासाठी १५०० सुद्धा पुरेसे असते. खरा दाब खालच्या बाजूला असतो आणि त्याचे गणित कळले की पैसे वाचतात. ओल्या जमिनीवर कोपर टेकून तुम्ही उठलात आणि १० किलो भार १० चौरस सेंटिमीटरवर आला, तर तो दाब १० मीटर पाण्याच्या स्तंभाइतका, म्हणजे १०,००० मिमी होतो. तेच ७० किलोचे शरीर मॅटवर आडवे होऊन अर्ध्या चौरस मीटरवर पसरले, तर दाब जेमतेम १४० मिमी भरतो. म्हणून मॅट बॅगेच्या आत ठेवून झोपणाऱ्याने तळाच्या मोठ्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही.

श्वसनक्षमतेचा आकडा मी विचारातच घेत नाही. एका चौरस मीटर कापडातून २४ तासांत किती ग्रॅम वाफ गेली हे तो सांगतो खरा, पण मोजण्याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत आणि एकाच कापडाला त्या फार निराळे आकडे देतात, त्यामुळे दोन उत्पादकांचे आकडे शेजारी ठेवून काहीच सिद्ध होत नाही. त्याऐवजी घरी एक परीक्षा घ्या. पेल्यात गरम पाणी ओता, त्याच्या तोंडावर बॅगेचे वरचे कापड ताणून धरा आणि कापडावर एक थंड, कोरडा काचेचा ग्लास उपडा ठेवा. कापडातून वाफ जात असेल तर काही मिनिटांतच ग्लास आतून धुरकट होतो. साधा जाड लेप असलेल्या कापडावर तो बराच वेळ स्वच्छ राहतो. फुंकर मारून मात्र पारख करू नका, कारण कापडातला पाणी अडवणारा पातळ पडदा चांगला असला तरी वारा अडवतो आणि वाफ तेवढी जाऊ देतो.

मोकळे_आभाळ

वरच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे, पण प्रश्नकर्त्याने बॅगेआधी छपराचा निर्णय घ्यावा असे मला आग्रहाने सांगायचे आहे. पाऊस अडवण्याचे काम बॅगेवरच टाकायचे असेल तर वरचे कापड पूर्ण जलरोधक आणि तरीही वाफ सोडणारे लागते, आणि किंमत चढते ती नेमकी या दुहेरी अपेक्षेमुळे. डोक्यावर टार्प असला तर बॅगेकडे वारा, दव आणि कडेने उडणारे तुषार एवढेच अडवायचे काम उरते. ते काम पाण्याचे थेंब घरंगळून जातील अशी प्रक्रिया केलेले, लेप नसलेले पातळ नायलॉन किंवा पॉलिस्टर वरच्या बाजूला आणि जलरोधक कापड तळाला, अशी बॅग उत्तम करते. तिचे वजन १५० ते २५० ग्रॅमच्या घरात असते, तर तीनपदरी जलरोधक बॅगा ४०० पासून ९०० ग्रॅमपर्यंत जातात. साधा टार्प आणि अशी हलकी खोळ मिळून होणारा खर्च बहुतेक वेळा एका चांगल्या पडद्याच्या बॅगेपेक्षा कमी असतो. शिवाय पावसात बसायला, बूट काढायला आणि सामान ठेवायला कोरडी जागा मिळते, जी महागातली महाग बॅगही देत नाही.

पिसांची स्लीपिंग बॅग असल्यामुळे तुमच्यासाठी हा मार्ग मला अधिक योग्य वाटतो. पडदा कितीही चांगला असला तरी तो वाफ ढकलत नाही. आत वाफेचा दाब जास्त आणि बाहेर कमी असेल, तेव्हाच ती त्यातून वाहते. थंड, कोरड्या रात्री हा फरक मोठा असतो. उबदार आणि दमट रात्री, किंवा वरचे कापड पावसाने चिंब झाल्यावर, तो इतका घटतो की गोरटेक्स आणि साधा लेप यांत फारसे अंतर उरत नाही. गोरटेक्सचा मूळ पडदा म्हणजे ताणून सच्छिद्र केलेले टेफ्लॉन, जे १९६९ साली बॉब गोर यांना साधले. ते कापड खरोखर गुणी आहे, पण हवेच्या दमटपणापुढे त्याचाही इलाज चालत नाही.

जागेची निवड तर फुकट आहे आणि तिचा परिणाम बॅगेच्या किमतीहून मोठा असतो. निरभ्र रात्री उघड्यावर पडलेली बॅग आकाशाकडे उष्णता सोडत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते, म्हणून तिच्यावर बाहेरून दव पडते आणि आतून ओल धरते. झाडाखाली किंवा टार्पखाली ही घट बरीच कमी असते. ओढ्याकाठी आणि खोलगट जागी थंड, दमट हवा साचते. तिथून थोडे वर सरकून, वाऱ्याची हलकी झुळूक लागेल अशा ठिकाणी पथारी टाकली तर सकाळी फरक हाताला जाणवतो.

पथारी

दोघांचेही मनापासून आभार. कोपराचे गणित वाचून बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. टार्पचा मुद्दा पटला आहे, तरीही सैन्याची जुनी बॅग चांगली मिळाली तर घ्यावी का, आणि घेताना काय तपासावे, हे जाणून घ्यायचे आहे. दुसरे असे की पावसात तोंड बंद करून झोपणे सुरक्षित असते का? त्या कल्पनेनेच मला थोडी धास्ती वाटते.

शिवणटाका

जुन्या बॅगा शिवणे आणि दुरुस्त करणे हा माझा नेहमीचा उद्योग असल्याने पहिल्या प्रश्नाचे उत्तर जरा सविस्तर देतो. कमी खर्चात खरा पडदा हवा असेल तर सैन्याच्या बॅगेइतका चांगला सौदा दुसरा नाही. ब्रिटिश सैन्याची बॅग गोरटेक्सची आणि ऐसपैस असते. तिला चेन नसते, फक्त तोंडाशी नाडी असते, त्यामुळे बिघडण्यासारखे भाग कमी आणि आत शिरणे थोडे कष्टाचे. अमेरिकी सैन्याची खोळ त्यांच्या थरांच्या झोपण्याच्या संचाबरोबर येते आणि तिला चेन असते. डच सैन्याच्या बॅगेत डोक्याशी कमान असल्यामुळे कापड तोंडावर पडत नाही, पण ती या तिघींत अवजड आहे. वजनाची किंमत मोजायची तयारी असेल तरच या वाटेला जावे.

घेण्यापूर्वी बॅग उलटी करून आतल्या शिवणींवरच्या पट्ट्यांवरून नख फिरवा. पट्टी कडेने उचलली जात असेल तर तिथून पाणी येणारच. मोजक्या ठिकाणी सुटली असेल तर डिंकद्रव्य लावून बसवता येते, पण सगळीकडे सुटत असेल तर त्या बॅगेचा नाद सोडावा. पडदा कापडापासून सुटला असेल तर आतून फोड आल्यासारखे दिसते आणि त्यावर उपाय नाही. पॉलियुरेथेनचा लेप जुना होऊन विघटित होऊ लागला की चिकट लागतो, त्याला आंबूस वास येतो आणि पुढे त्याचे पापुद्रे निघतात. असा माल फुकट मिळाला तरी घेऊ नये. घरी आणल्यावर पायाकडच्या बाजूत दोन-तीन लिटर पाणी ओतून बॅग पाव तास टांगून ठेवा आणि बाहेरून टिश्यू पेपर फिरवत जा, म्हणजे सुईएवढे छिद्रसुद्धा लपून राहत नाही.

वरचे कापड पाणी पिऊ लागले असेल तर बॅग टाकाऊ झाली असे समजू नका. मऊपणा आणणारी द्रव्ये नसलेल्या सौम्य साबणाने ती धुवा, नीट खळबळून काढा आणि बॅगेवरच्या सूचनेत परवानगी असेल तर मंद उष्णता द्या. थेंब बहुधा पुन्हा घरंगळू लागतात. तसे झाले नाही तर फवारायचे द्रव्य मिळते. सिलिकॉनच्या लेपाचे कापड असेल तर शिवणींना सिलिकॉनचाच लेप द्यावा लागतो. त्यावर पॉलियुरेथेनचे द्रव्य धरत नाही, काही दिवसांत सालीसारखे निघून येते.

मापाकडे लोक सर्वांत जास्त दुर्लक्ष करतात आणि मला त्याचे फार वाईट वाटते, कारण चांगल्या पिसांची ऊब केवळ तंग खोळीमुळे वाया जाते. तुम्ही कुशीवर झोपता, म्हणजे गुडघे पुढे येतात आणि खांदा वर उठतो. घरी मॅट फुगवून, तिच्यावर स्लीपिंग बॅगेत आडवे होऊन, मॅटसकट खांद्याचा, कमरेचा आणि गुडघ्यांचा घेर दुसऱ्या कोणाकडून टेपने मोजून घ्या. खोळीचा घेर यातल्या सर्वांत मोठ्या मापापेक्षा निदान वीतभर जास्त असावा. लांबीतही पायाशी थोडी मोकळीक हवी, नाहीतर बोटांवरची पिसे दबून पाय गार पडतात.

दगडवाट

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे: तोंड पूर्ण बंद करून झोपू नये. बॅग कोणत्याही कापडाची असो, निदान मूठभर फट कायम उघडी राहिली पाहिजे. लेपाच्या कापडात हवा कोंडून गुदमरण्याचा धोका खरा आहे आणि पडद्याचे कापडही ओले झाले किंवा त्यावर बर्फ धरला की त्यावर विसंबता येत नाही. तुमची धास्ती रास्त आहे, ती मोडून काढण्याची गरज नाही. याच कारणाने बॅगेच्या तोंडाशी स्टोव्ह पेटता ठेवू नये, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

यात वाफेचाही फायदा आहे. निम्मी ओल श्वासातली असल्यामुळे नाक-तोंड बाहेर ठेवले की आतला ओलावा तेवढा कमी होतो. थंडीने डोके आत घ्यावेसे वाटते, तेव्हा लोकरीची टोपी आणि गळ्याभोवतीची पट्टी हे काम भागवतात. पावसासाठी पूर्ण टार्प न्यायचा नसेल तर मीटर-दीड मीटरचा जलरोधक कापडाचा तुकडा डोक्यावर तिरपा बांधा. चालण्याच्या दोन काठ्या आणि चार दोऱ्या एवढ्यावर तो उभा राहतो आणि बॅगेचे तोंड निर्धास्त उघडे ठेवता येते.

मोकळे_आभाळ

एक वेगळे मत नोंदवतो. रात्रभर पाऊस पडण्याची शक्यता असेल तर एका माणसाचा हलका तंबूच न्यावा. कमानीच्या महागड्या बॅगा वजनात आणि किमतीत त्या तंबूच्या इतक्या जवळ जातात की त्या घेण्यामागचे कारण मला समजत नाही. तुमची गरज कोरड्या रात्रींची आणि अधूनमधून येणाऱ्या सरीची आहे, म्हणून आधी टार्प घ्या. तो हाती आल्यावर काही रात्री नुसत्या स्लीपिंग बॅगेवर काढून पाहा, म्हणजे खोळीची गरज कितपत आहे ते कळेल. गरज वाटली तर जलरोधक तळ आणि श्वसनक्षम वरचे कापड असलेली हलकी खोळ त्यात जोडा. शिवणयंत्र चालवता येत असेल तर ती घरीही शिवता येते, चार सरळ शिवणी आणि एक नाडी एवढेच काम आहे.

कोणतीही बॅग घेतलीत तरी उठल्यावर लगेच गुंडाळू नका. स्लीपिंग बॅग खोळीतून बाहेर काढून दोन्ही उलट्या करून उन्हात किंवा वाऱ्यावर टाका आणि चहा होईपर्यंत तशाच राहू द्या. सलग दुसरी रात्र बाहेर काढायची असेल आणि सकाळी ऊन नसेल, तर दुपारच्या मुक्कामात हे काम आठवणीने करा, कारण आदल्या रात्रीची ओल पिसांत राहिली की दुसऱ्या रात्री तिच्यात नवी भर पडते.