शब्दचर्चा : 'रनिंग बॅक'च्या तुलनेतले शब्द

प्रश्न : अमेरिकी फुटबॉलमधल्या निरनिराळ्या काळांतल्या रनिंग बॅकांची, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूंची, तुलना मराठीत लिहायची आहे. 'धावक' आणि 'धावा' हे शब्द चालतील का?

उत्तर : 'धावा' नकोच. वाचकाच्या डोळ्यांपुढे क्रिकेटचा धावफलक येतो, आणि यार्ड म्हणजे चेंडू घेऊन कापलेलं अंतर, गुण नव्हेत. 'धावून मिळवलेले यार्ड' लिहा. यार्डाला 'वार' हा शब्द आहे, नऊवारीतला. पण 'जिम ब्राउनचे १२,३१२ वार' वाचून कोणीही पोलिसांना फोन करेल! 'धावक' शर्यतीतला वाटतो, म्हणून रनिंग बॅकच ठेवा. मात्र 'बॅक'ची फोड पहिल्याच उल्लेखात करा. आपल्याकडे फुलबॅक म्हणजे बचावपटू. तिथे फुलबॅक, हाफबॅक हे आक्रमणातले; डाव सुरू होताना आघाडीच्या रांगेमागे उभे राहतात म्हणून बॅक.

प्रश्न : आणि 'कॅरी'ला, म्हणजे चेंडू घेऊन एकदा धावण्याला, 'चढाई'?

उत्तर : कबड्डीतला चढाईपटू एकटा जातो. इथे आघाडीच्या रांगेतले पाच खेळाडू (लाइनमन) वाट मोकळी करतात, त्यामुळे 'चढाई'ने चित्र चुकतं. 'मुसंडी' जवळचा, पण त्यात जोर आहे. बॅरी सँडर्सचा खेळ हुलकावणीचा, त्याला मुसंडी कशी म्हणणार? वर्णनात खेळाडूप्रमाणे शब्द बदला, आकड्यांत 'कॅरी' ठेवा. अनेकवचनातही कॅरीच, 'कॅऱ्या' केलंत तर लोक कैऱ्या वाचतील.

दुसरं उत्तर : खरी गोची 'सरासरी'त आहे. नुसतं 'सरासरी ५.२' लिहिलं तर कशाची? मराठीत 'मागे' हे नेमकं शब्दयोगी अव्यय आहे : कॅरीमागे, सामन्यामागे. एमिट स्मिथचे कारकिर्दीतले १८,३५५ यार्ड सर्वाधिक, पण २२६ सामन्यांत, म्हणजे सामन्यामागे ८१.२. ब्राउनचे ११८ सामन्यांत सामन्यामागे १०४.३, सँडर्सचे १५३ सामन्यांत १५,२६९, म्हणजे ९९.८. क्रम पार उलटतो.

'हंगाम' शब्दही फसवा. एनएफएल या तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये १९४७ ते १९६० हंगाम १२ सामन्यांचा, १९६१ पासून १४, १९७८ पासून १६ आणि २०२१ पासून १७ सामन्यांचा. म्हणून १९७३ सालचे ओ. जे. सिम्पसनचे २,००३ यार्ड १९८४ च्या एरिक डिकरसनच्या २,१०५ पेक्षा कमी दिसतात; पण सामन्यामागे सिम्पसन १४३.१, डिकरसन १३१.६. 'विक्रम' लिहिताना हंगामाचा की कारकिर्दीचा ते सांगा, आणि हंगामाचा असेल तर सामनेही द्या.

प्रश्न : मग असं लिहू? 'ब्राउनने ९ हंगामांतल्या ११८ सामन्यांत १२,३१२ यार्ड काढले, कॅरीमागे ५.२.'

उत्तर : 'काढले'च्या जागी 'कमावले' करा. 'काढले' म्हटलं की पुन्हा क्रिकेट.