गाठ ‘सेनेह’ असेल, तर गालिचा सनंदजचाच मानावा काय?

निवांत : नमस्कार. माझे सासरे १९७४ ते १९७८ या काळात इराणमध्ये अभियंता म्हणून नोकरीस होते आणि परतताना त्यांनी एक हातविणीचा गालिचा आणला होता. तो दोन मीटर लांब व सुमारे सव्वा मीटर रुंद आहे. ताणा (उभे धागे) सुती, लव (वरचा केसाळ थर) लोकरीची, आणि गर्द लाल जमिनीवर मधोमध निळे, कोनदार पदक. अलीकडे धुण्यासाठी दिला असता दुकानदाराने “ही सेनेह गाठ, म्हणजे माल सनंदजचा, कुर्दिस्तानातला” असे छातीठोकपणे सांगितले. एका टोकापासून वीतभर अंतरावर लाल रंग एका आडव्या रेषेवर अचानक फिका होतो, तो उन्हाने विटला, असेही त्याचे म्हणणे आहे. खरेदीची पावती घरात नाही. केवळ विणीवरून प्रांत ओळखता येतो का?

ताणाबाणा : बऱ्याच अंशी येतो, मात्र गाठीच्या नावावर विसंबू नये. सेनेह हे सनंदजचेच जुने नाव असले, तरी व्यापारात जिला सेनेह किंवा फारसी गाठ म्हणतात, म्हणजे जिच्यात लोकर एका ताण्याला पूर्ण वेढा घेते आणि शेजारच्या ताण्यामागून नुसती सरकते, ती काशान, इस्फहान, केरमान, कोम, नाईन या बाजूची. खुद्द सनंदजचे विणकर दोन्ही ताण्यांना सारखीच कवटाळणारी तुर्की गाठ घालत आले आहेत. त्यामुळे दुकानदाराने गाठ बरोबर ओळखली असेल, तर त्याच कारणाने त्याचा निष्कर्ष चुकतो!

आपण गालिचा उलटा करून पाहावा. पाठ समोरच्या बाजूपेक्षा अधिक खरे बोलते, कारण नक्षीची नक्कल कोणीही करू शकतो, पण हाताची सवय सहसा बदलत नाही. गाठींच्या दोन ओळींमध्ये बाण्याचे, म्हणजे आडवे, किती धागे घातले आहेत, ते मोजा. हमदानच्या आसपासच्या खेड्यांत एकच जाड धागा घालतात, तबरीझ व हेरीझकडे साधारणपणे दोन, तर केरमानकडे बहुधा तीन. बिजारचा माल ओला बाणा जड लोखंडी पंजाने ठोकून इतका घट्ट केलेला असतो की त्याची घडी घालूच नये, गुंडाळीच करावी. फार्समधील कश्काई लोकांच्या जुन्या कामात ताणाही लोकरीचाच असतो, तेव्हा ती शक्यता आपण वगळू शकता.

हिंगणघाटी : नावावरून गाव ठरवण्याचा घोटाळा फार जुना आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील प्रसिद्ध गालिचा अर्दबीलच्या दर्ग्यावरून ‘अर्दबील’ म्हणून ओळखला जातो, त्यावर हिजरी ९४६, म्हणजे इ. स. १५३९-४०, असा काल आणि मकसूद काशानी हे नाव विणलेले आहे. तरीही तो नेमका कोणत्या शहरात विणला गेला, यावर एकमत नाही. जाता जाता : फारसीत मोठ्या आकाराला ‘काली’ आणि लहानाला ‘कालीचे’ म्हणतात, आपला ‘गालिचा’ त्या दुसऱ्या शब्दातून आला. निवांत यांची वस्तू त्या अर्थानेही गालिचाच आहे.

रंगाविषयी एक सोपी परीक्षा सांगतो. ती रेषा पाठीवर दिसते का ते पाहा. पाठीला ऊन लागत नाही.

निवांत : पाहिले. फिकेपणा पाठीवरही तितकाच, अगदी त्याच ओळीवर आहे. लव फाकवून पाहिली, तर लोकर दोन्ही ताण्यांना वेढा घालून त्यांच्या मधून वर येते. ओळींमध्ये बाण्याचा एकच धागा आहे, आणि पाठीवर ताण्याचे पांढरे ठिपके विटांच्या रचनेसारखे एकाआड एक दिसतात. फूटपट्टी ठेवून मोजले, तेव्हा दहा सेंटीमीटर रुंदीत अठ्ठावीस गाठी भरल्या.

ताणाबाणा : म्हणजे गाठही तुर्कीच निघाली. एकेरी बाणा सनंदजकडेही असतो, त्यामुळे दुकानदाराचे अनुमान अगदीच हवेतले नव्हते, कारण मात्र भलतेच दिले. परंतु तिकडची वीण पातळ, फार बारीक आणि पाठीला हात लावताच रव्यासारखी खरखरीत लागते. अठ्ठावीस गाठींचा जाडसर माल तिथला वाटत नाही. जाड एकेरी बाणा, विटांसारखे ठिपके, कोनदार पदक आणि दोन जरांचा (जर हे लांबीचे इराणी माप), म्हणजे ‘दोजर’ म्हणतात तो आकार, हे सारे हमदानकडे बोट दाखवते. मात्र हमदान ही बाजारपेठ, तिथे भोवतालच्या शेकडो खेड्यांचा माल उतरत असे, त्यामुळे नेमके खेडे छायाचित्रावरूनसुद्धा मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही.

फिकी रेषा म्हणजे ‘अब्रश’. एका खेपेला रंगवलेली लोकर संपली आणि दुसऱ्या खेपेची सुरू झाली, इतकेच. काही दुकानदार तो पट्टा रंगवून ‘दुरुस्त’ करून देतात. तसे करू देऊ नये. त्याऐवजी टोकांच्या दशा उसवल्या असतील, तर तेवढ्या हाताने टाके घालून बांधून घ्याव्यात, कारण गाठी तिथूनच निसटू लागतात.