कॅम्परव्हॅन आपली, डिझेल आपलं, मग क्लबची फी कशाला?

विजापूर वेस (धागाकर्ता)

मंडळी, घरात पंधरा दिवस एकाच विषयावर धुसफूस चालू आहे. आता चार बाहेरच्यांनी निकाल लावावा म्हणून इथे मांडतो.

गेल्या वर्षी एक जुनी बारा सीटर ट्रॅव्हलर घेतली. सीटा काढल्या, मागे आडवा पलंग, डाव्या अंगाला ओटा, टपावर दोन सोलर पॅनल, पलंगाखाली २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी. आरसीवर मोटर कॅराव्हॅन अशी रीतसर नोंद करून घेतली. त्यात किती हेलपाटे झाले ते आत्ता विचारू नका, रक्तदाब वाढतो.

आता पुण्याच्या एका कॅम्पिंग क्लबचा फॉर्म आलाय. प्रवेश फी ५,०००, पुढे वर्षाला ६,०००. त्या बदल्यात वर्षाला चार मेळावे, ठरावीक ठिकाणी मुक्कामाला सवलत, एक व्हॉट्सॲप ग्रुप आणि गाडीला चिकटवायला स्टिकर. फॉर्मच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात एक कलम आहे: सदस्याने वर्षातून दोनदा आपली गाडी पाहुण्या कुटुंबाला द्यावी, ‘इंधन व देखभाल खर्च’ मिळेल.

माझं मत, नको. आपलं सोलापूर बसलंय कुठे बघा. अक्कलकोट ४० किलोमीटर, तुळजापूर ४५, पंढरपूर सत्तरच्या पुढे थोडं, विजापूर शंभर. एकाही ठिकाणी रात्री गाडी लावायला क्लबची ओळख सांगावी लागत नाही. भक्तनिवासाचं आवार आहे, मठ आहे, कुणाचा तरी साडू आहे. नळदुर्गला किल्ला बघून झाल्यावर एका चहावाल्याने आपल्या टपरीमागे गाडी लावून दिली, सकाळी पाण्याची कळशीही आणून दिली. पैसे देऊ केले तर म्हणाला, चहा प्या की अजून एक.

आमच्या सौ.चं मत, क्लबमध्ये जायचंच. कारण मे महिन्यातली एक रात्र. हैदराबादला जाताना जहीराबादच्या अलीकडे एका ढाब्यावर थांबलो. शेजारी ट्रकांची रांग. रात्री दोनला कुणीतरी दार बडवायला लागलं. बाहेर एक क्लीनर, तेलुगूत बोलतोय. आमची गाडी पार्सलची समजून माल कधी उतरवणार हे विचारायला आला होता बिचारा. मी हसून झोपलो. ती झोपली नाही. त्यानंतर गाडीत एकदाही धड झोपलेली नाही.

बोला.

पार्क चौक

वर्षात गाडीत किती रात्री काढल्या ते आधी सांगा.

विजापूर वेस

नऊ.

पार्क चौक

मग पहिल्या वर्षाचे ११,००० भागिले ९, म्हणजे रात्रीला बाराशेच्या वर. एवढ्यात तुळजापुरात एसी रूम मिळते, गरम पाण्यासकट.

आणि क्लब पुण्याचा. मेळावा पवना धरणावर नाहीतर भोरकडे असणार. इथून पवना तीनशे किलोमीटर धरा, जाऊन-येऊन सहाशे. तुमची ट्रॅव्हलर लिटरला दहा देत असेल तर साठ लिटर डिझेल, नव्वदच्या भावाने ५,४०० रुपये. चार मेळावे म्हणजे एकवीस हजारांच्या पुढे, टोल सोडून. पुणेकराला तोच मेळावा थोड्याच डिझेलात पडतो. फी दोघांना सारखीच. पुण्याच्या क्लबला सोलापूरकराने वर्गणी देणं म्हणजे शेजारच्या गल्लीच्या गणपतीला देण्यासारखं आहे. आरतीला आपण नसतोच.

कडकभाकरी

काय मालक, हिशेब मांडून बसलात. मी क्लबच्या बाजूने आहे. कारण सांगतो.

माझे वडील बावीस वर्षं वारीला गेले. एकटे गेले असते तर? जाता आलंच असतं की. रस्ता सगळ्यांचा, विठोबा सगळ्यांचा. पण दिंडीत नाव घातलं, भिशी भरली, की तंबूचा ट्रक तुमचा, पाण्याचा टँकर तुमचा, दोन वेळची पंगत तुमची. वाटेत पाय सुजला तर उचलून गाडीत घालणारे चार हात तुमचे. नातेपुत्याला पोचेपर्यंत कोण डॉक्टर, कोण गवंडी हे विसरायला होतं. आपल्याकडचा सगळ्यात जुना कॅम्पिंग क्लब दिंडीच आहे. तिथे भिशी भरताना कुणी रात्रीला किती पडले हे भागून बघत नाही.

वहिनींना झोप लागत नाही ना? मग बाजूला अजून तीन गाड्या उभ्या असल्या की लागेल. एवढाच विषय आहे.

पार्क चौक

दिंडीत सगळे एकाच दिशेने चालतात ओ. मुक्काम पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले, तारीख ठरलेली. आज वेळापूर म्हणजे वेळापूर. क्लबमध्ये एकाला गोकर्णला जायचं असतं, दुसऱ्याला हंपीला, तिसऱ्याला गाडी धुऊन फोटो काढायचे असतात. पालखीच नाही तर दिंडी कशाची?

कडकभाकरी

फोटोवाल्यांबद्दल सहमत. बाकी नाही.

लेस्टरचा सोलापूरकर

मी मूळचा दक्षिण कसब्यातला, आता इंग्लंडमध्ये. इकडे माझ्याकडे छोटी कॅम्परव्हॅन आहे आणि क्लबचं सदस्यत्वही आहे, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

इकडचे क्लब फार जुने. कॅम्पिंग अँड कॅरव्हॅनिंग क्लबची सुरुवात १९०१ सालची, तीही सायकलवर तंबू लादून फिरणाऱ्यांनी केलेली. कॅरव्हॅन क्लब १९०७ चा. पण लोक इतिहास बघून वर्गणी भरत नाहीत. खरी मेख १९६० च्या कायद्यात आहे. शेतकऱ्याला आपल्या रानात कॅरव्हॅन उतरवायच्या असतील तर कौन्सिलचं, म्हणजे इकडच्या नगरपालिकेचं, लायसन्स लागतं. पण सूट मिळालेल्या क्लबने त्या रानाला प्रमाणपत्र दिलं तर पाच गाड्यांपर्यंत ते लायसन्स लागत नाही. अट एकच, तिथे उतरणारा त्या क्लबचा सदस्य हवा. अशी पाच गाड्यांची रानं देशभर विखुरलेली आहेत. एक नळ, संडासाची टाकी रिकामी करायला एक खड्डा, बाजूला मेंढ्या. बास. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी दुसरं काही नसतंच, पण मोठ्या गजबजलेल्या साइटपेक्षा मला तीच आवडतात. सदस्य नसाल तर दारातून परत.

म्हणजे इकडे क्लब जागा देतो, आणि ती जागा दुसऱ्या कुठल्या मार्गाने मिळत नाही. तुमच्या क्लबच्या हातात अशी एक तरी जागा आहे का, जिथे तुम्ही नुसता नमस्कार घालून उतरू शकत नाही? नसेल तर तुम्ही स्टिकर विकत घेताय.

विजापूर वेस

हेच मी घरात सांगतोय, फक्त १९६० चा कायदा माहीत नव्हता. आज जेवताना सांगतो.

होटगी रोडची अक्का

सांगा, आणि त्यांनी काय उत्तर दिलं तेही इथे लिहा. धाग्यावर आतापर्यंत सगळे पुरुष बोलताहेत आणि सगळे जागेबद्दल बोलताहेत.

आम्ही दोघं चार वर्षं ओम्नीत फिरतो. गाडी लावायला जागा मिळते, खरं आहे. चहावाला देव माणूस असतो, तेही खरं. पण त्याच्या टपरीमागे पहाटे पाच वाजता बाई कुठे जाणार, हे त्या कळशीबरोबर कुणी सांगत नाही. मी संध्याकाळी सहानंतर पाणी पिणं बंद करत असे. दोन वर्षं असंच. मग कळ लागायला लागली, डॉक्टर झाले, आणि आम्ही पोर्टेबल टॉयलेट घेतलं. आता ते रिकामं कुठे करायचं हा प्रश्न. ओढ्यात करणार का?

क्लबच्या फॉर्ममध्ये बघा, ‘ठरावीक ठिकाणी’ म्हणजे नेमकं काय. टाकी रिकामी करायची सोय, रात्रभर दिवा, आणि त्या मेळाव्याला किती बायका येतात. हे तीन प्रश्न क्लबला फोन करून विचारा. उत्तर धड आलं तर पैसे भरा. ‘सगळी सोय आहे मॅडम’ असं आलं तर भरू नका.

पिवळी पाटी

सगळे भावनेत वाहत चाललेत. मी वाहनांच्या कागदपत्रांची कामं करतो, माझा जीव त्या बारीक अक्षरांच्या कलमात अडकलाय.

तुमची पाटी पांढरी आहे. खाजगी वापराची नोंद. पाहुण्या कुटुंबाला गाडी दिली आणि त्या बदल्यात पैसे घेतले, त्याला ‘देखभाल खर्च’ म्हणा नाहीतर दक्षिणा म्हणा, विमा कंपनी त्याला भाड्याने देणं म्हणणार. अपघात झाला की पहिला प्रश्न तोच. तुमच्या गाडीची भरपाई तर गेलीच, समोरच्याची भरपाई दिली तरी कंपनी ती वसूल करायला तुमच्या दारात येऊ शकते. क्लब तेव्हा काय करणार? ग्रुपवर हात जोडल्याची चित्रं टाकणार.

धंदाच करायचा तर पिवळी पाटी, परमिट, फिटनेस, सगळं करा. २०२१ साली राज्याचं कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आलंय, त्याचा रस्ता वेगळा आहे. दोन्ही दगडांवर पाय नको.

जुळे सोलापूर

शिवाय पाहुण्याकडे बॅज, म्हणजे धंद्याची गाडी चालवायचा परवाना, नसेल तर? एवढी मोठी गाडी साध्या लायसन्सवर चालवता येत नाही.

पिवळी पाटी

येते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हा वाद मिटवला. भारासकट ७,५०० किलोच्या आतली गाडी असेल तर हलक्या वाहनाचं लायसन्स पुरतं. ट्रॅव्हलर त्यात बसते. लायसन्सची भीती नको, भाड्याची बाळगा.

कडकभाकरी

हे कलम मला माहीत नव्हतं. वाचताना डोळ्यावरून गेलं. वारीत कुणी दुसऱ्याचा तंबू भाड्याने लावत नाही, एवढं नक्की. मग आता माझं मत असं: कलम खोडून सही करा. नाही चाललं तर सोडा.

लेस्टरचा सोलापूरकर

खोडून सही म्हणजे काय, छापील फॉर्म आहे तो.

कडकभाकरी

आमच्याकडे छापील लग्नपत्रिकेवरही पेनाने वेळ बदलतात.

जुळे सोलापूर

एक वेगळाच मुद्दा. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ ला जातो, पत्र्याची गाडी रात्री अकरापर्यंत तव्यासारखी. क्लबच्या ठिकाणी वीज जोडून मिळत असेल तर तेवढ्यासाठी तरी फायदा आहे. बॅटरीवर एसी चालत नाही.

विजापूर वेस

चालतो, पण हौसेपुरता. माझी २०० ची बॅटरी म्हणजे अडीच युनिटच्या आसपास. एक टनाचा एसी तासाला एक युनिट ओढतो असं धरा. अडीच तासांत बॅटरी आडवी, आणि मग फ्रिजही बंद. म्हणून आम्ही उन्हाळ्यात बाहेरच पडत नाही. जहीराबाद हा अपवाद, आणि त्याची किंमत मी अजून देतोय.

जेवताना १९६० चा कायदा सांगितला. ‘तिकडे जागेसाठी भरतात, मी सोबतीसाठी भरा म्हणतेय, तुम्हाला मराठी कळत नाही का’ असं उत्तर मिळालं. आता फोन त्यांच्या हातात आहे.

विजापूर वेस

नमस्कार, मी सौ. लिहितेय, ह्यांच्याच खात्यावरून.

अक्कांनी लिहिलेलं वाचून बरं वाटलं. तुमच्या तीन प्रश्नांसाठी मी दुपारीच क्लबला फोन केला. टाकी रिकामी करायची सोय एका ठिकाणी आहे, बाकी ‘बघू’. दिवा आहे म्हणाले. बायका किती येतात याला तो मुलगा थोडा अडखळला, मग म्हणाला फॅमिली असतात.

क्लीनरच्या दार वाजवण्याचं हे सगळीकडे गंमत म्हणून सांगतात. त्याची भीती अर्ध्या तासात गेली होती. खरं कारण त्याच्या आदल्या दिवशीचं, ते ह्यांनी लिहिलेलंच नाही. हुमनाबादजवळ पाण्याचा पंप बंद पडला. हे गाडीखाली, मी टॉर्च धरून उभी, दोन तास. जवळपास माणूस नाही. हे खालून ‘पाना दे, तो नाही, दुसरा’ एवढंच बोलत होते. मला तेव्हा वाटलं, इथे अजून एक गाडी असती, तिच्यात एक बाई असती, तर मी टॉर्च तिच्या नवऱ्याच्या हातात देऊन तिच्याबरोबर चहा टाकला असता. यासाठी सहा हजार जास्त आहेत का? मला नाही वाटत. साड्यांवर ह्याहून जास्त जातात, आणि त्या कपाटात असतात.

पण गाडी परक्या माणसाला द्यायचं ते कलम मलाही नको. माझ्या पलंगावर माझीच चादर असते.

लेस्टरच्या भाऊंनी सांगितलेली पाच गाड्यांची गोष्ट मात्र डोक्यातून जात नाहीये. माझं माहेर मंगळवेढ्याजवळ. काळी जमीन, बोअरला पाणी, विहिरीशेजारी पक्का संडास, भावाने मागच्या वर्षीच बांधलाय. वस्तीवर वीज आहे. भाऊ दरवर्षी थोडी गुळभेंडी ज्वारी हुरड्यासाठी वेगळी पेरतो. त्याला आत्ताच फोन केला. म्हणाला, ताई, येऊ देत की, कोण परके आहेत. तर क्लबचं नंतर बघू. जानेवारीत, संक्रांत आणि गड्डा यात्रा झाल्यावरच्या शनिवारी, ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी या. हुरडा, शेंगाचटणी, दही आमच्याकडे. जेवणाचं साहित्य सगळ्यांनी मिळून. अक्का, तुम्ही ओम्नी घेऊन याच.

होटगी रोडची अक्का

येते. टाकी रिकामी कुठे करायची?

विजापूर वेस

(सौ.च) शोषखड्डा आहे. पण त्यात पोर्टेबल टॉयलेटचं निळं औषध घातलेलं पाणी चालेल का ते भावाला विचारून सांगते.

पार्क चौक

माझ्याकडे गाडी नाही. तंबू चालेल का? वर्गणी किती?

लेस्टरचा सोलापूरकर

पाचच गाड्या हां. सहावी आली की कौन्सिल येतं.

कडकभाकरी

कौन्सिल आलं तर त्यालाही हुरड्याला बसवू.