एमएस्सी मायक्रो झालं, पुढे पीएचडी कुठे? (नागपूर, बजेट कमी) + वहिनीच्या पोस्टडॉकबद्दल

मृण्मयी_धंतोली
नमस्कार मंडळी. नागपूर विद्यापीठातून एमएस्सी मायक्रोबायोलॉजी, फर्स्ट क्लास. नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) अजून नाही. पीएचडी करायचीच आहे. फॉर्म, पुस्तकं, क्लास असं सगळं मिळून पंधरा हजारांच्या वर जमणार नाही. बाबांची तब्येत बरी नसते, त्यामुळे नागपूर, नाहीतर रात्रीच्या गाडीनं सकाळी घरी पोचता येईल असं गाव. आवड मातीतल्या जिवाणूंची. मेडिकल मायक्रो नको.
दुसरं, वहिनीची थीसिस सबमिट झालीय, व्हायवा (तोंडी परीक्षा) बाकी आहे. पुतण्या दोन वर्षांचा. नागपुरात राहून पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) होतो का?

ब्रेमेनकर
सरळ जर्मनी. मी ब्रेमेनला आहे, इथे माक्स प्लांकची सागरी सूक्ष्मजीवशास्त्राची संस्था आहे. मातीच हवी तर मारबुर्गला स्थलीय सूक्ष्मजीवशास्त्राची. पीएचडी म्हणजे इथे नोकरीच असते, करार होतो, पगार मिळतो, फी नाही.

बर्डीचा_बंड्या
भाऊ, ती रात्रीची गाडी म्हणून राहिली आणि तुम्ही विमानात बसवून राहिले. शिवाय जर्मनीला ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे राहण्याच्या खर्चासाठी अडकवून ठेवलेल्या खात्यात, दहा-बारा लाख आधी दाखवावे लागतात.

ब्रेमेनकर
ते स्वतःच्या खर्चानं मास्टर्स करणाऱ्यांना. पगारी कराराचं पत्र हातात असेल तर लागत नाही. अर्धवट माहितीनं पोरांना घाबरवू नका.

नेट_सल्लागार
नेटशिवाय पर्याय नाही. सीएसआयआर-यूजीसी नेट, लाइफ सायन्सेस, वर्षातून दोनदा. जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) लागली की महिना 37,000, एसआरएफ (सीनियर) झाल्यावर 42,000, वर एचआरए. 1 जानेवारी 2023 पासूनचे दर आहेत. पुण्याचा एखादा चांगला क्लास लावा, लाखाच्या आतबाहेर होतं, पण वसूल होतं. मी लावला होता, पहिल्या शंभरात आलो.

मृण्मयी_धंतोली
दादा, पंधरा हजार.

नेट_सल्लागार
हप्ते करून देतात.

सीमा_जी_लक्ष्मीनगर
क्लास कशाला हवाय बाप्पा? जुन्या प्रश्नपत्रिका फुकट मिळतात. आणि एक गोष्ट इथे कोणी सांगितली नाही: जेआरएफ हुकली तरी नेटचा निकाल वाया जात नाही. आता नेटमध्ये तीन गट आहेत आणि तिसरा फक्त पीएचडी प्रवेशासाठी आहे. दुसऱ्या-तिसऱ्या गटात नेटच्या गुणांना 70 टक्के आणि मुलाखतीला 30 टक्के वजन. पण ते गुण एकच वर्ष चालतात, म्हणून निकालाआधीच गाईड शोधून ठेव. गेट या दुसऱ्या परीक्षेचाही फॉर्म भर. लाइफ सायन्सेसच्या पेपरात मायक्रोबायोलॉजीचा वेगळा विभाग असतो, केमिस्ट्री मात्र सगळ्यांनाच सोडवावी लागते.

जुना_पीएचडीवाला
नेट महत्त्वाचं, नाही कोण म्हणतं. पण गाईड त्याहून महत्त्वाचा. माझ्या गाईडची सही मिळवायला मी दर शनिवारी त्यांच्या मुलीच्या स्कूटीची सर्व्हिसिंग करून आणायचो. संस्थेचं नाव सांगत नाही.
गाईडच्या सध्याच्या विद्यार्थ्यांना एकटं गाठ. कॅन्टीनला ने, चहा पाज. आधीच्याची थीसिस किती वर्षांत झाली, फेलोशिपचे पैसे महिन्याच्या महिन्याला येतात की वर्षाचे एकदम, प्रायमर आणि किट कोणाच्या खिशातून, हे तिघांना वेगवेगळं विचार. तिघांची उत्तरं सारखी असली तरच पुढे जा.

इनक्युबेटर_37
वरच्यांशी सहमत, आणि एक भर घालते: लॅबचा फ्रीझर बघून ये. मे महिन्यात, 45 डिग्रीत, आमच्याकडे रात्री लाईन गेली. उणे ऐंशीचा फ्रीझर, जनरेटरवर जोडलेलाच नव्हता, कारण ती फाइल वर्षभर कुठल्यातरी टेबलावर पडून होती. सकाळी दार उघडलं तर बर्फाचं पाणी रॅकमधून गळत होतं आणि ग्लिसरॉल स्टॉकच्या व्हायलवरची मार्करची अक्षरं पुसून निळा ओघळ झालेला. कुठला आयसोलेट (वेगळा काढलेला जिवाणू) कुठला, काही कळेना. एका सीनियरनं आपले स्ट्रेन आधीच सुकवून अँप्यूलमध्ये ठेवले होते आणि चांगले तेवढे पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संग्रहात पाठवले होते. त्याचं काम वाचलं. चंदीगडला इमटेक या सूक्ष्मजीव तंत्रज्ञानाच्या संस्थेतही असा संग्रह आहे. तेव्हा जनरेटर आहे का, हे पहिल्याच भेटीत विचार. गाईडला राग आला तर तेही कळलेलं बरं.

काटोलचा_संत्रेवाला
मी शेतकरी आहे, तरी लिहितो. मातीतले जिवाणू म्हणता तर अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संस्था आहे, तिथं विचारा. आमच्या बागेत डिंक्यानं झाडं चालली. फायटोफ्थोरा म्हणतात त्याला, जमिनीतली बुरशी. बोर्डो पेस्ट लावून लावून थकलो. पोरांनी यावर पीएचडी करावी, विदेशात जाऊन काय करता?

डॉ_निवृत्त_प्राध्यापक
फायटोफ्थोरा ही बुरशी नव्हे, ऊमायसीट, म्हणजे बुरशीसारखा दिसणारा वेगळाच गट. पेशीभित्तिकेत सेल्युलोज असतं, बुरशीसारखं कायटिन जवळपास नाही. म्हणूनच बुरशीवरची सगळी औषधं तिला लागू पडत नाहीत.

काटोलचा_संत्रेवाला
सर, झाड तर मरतेच ना.

इनक्युबेटर_37
संत्र्यावर ग्रीनिंग या जिवाणूजन्य रोगाचाही विषय आहे. सिट्रस सिला ही कीड पसरवते. पण तो जिवाणू प्लेटवर वाढत नाही, सगळं काम पीसीआरवर. ज्याला वसाहती मोजायची आवड आहे त्यानं तिकडे जाऊ नये.

डॉ_निवृत्त_प्राध्यापक
कन्येला सांगतो. नीरी, म्हणजे सीएसआयआरची पर्यावरण संशोधन संस्था, नेहरू मार्गावर आहे, 1958 ची. सांडपाणी, कचरा, प्रदूषित माती, सगळीकडे जिवाणूच राबतात. कोविडच्या काळात मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांवरून आरटी-पीसीआर करायची पद्धत इथलीच. पीएचडीची पदवी अ‍ॅक्सिर (सीएसआयआरची अकादमी) देते, प्रवेश जानेवारी आणि ऑगस्टच्या सत्रांना. मात्र स्वतःची फेलोशिप असेल तरच दार नीट उघडतं. नसेल तर आधी प्रोजेक्टवर लागावं, वॉक-इन मुलाखती निघत असतात. कापसासाठी वर्धा रोडवर सीआयसीआर ही केंद्रीय संस्था आहे. जनावरांचे रोग चालत असतील तर माफसू या पशुविज्ञान विद्यापीठाचं मुख्यालयही आपल्याच गावात.

बर्डीचा_बंड्या
प्रोजेक्टचं सर सांगून राहिले ते बरोबर, पण प्रोजेक्ट संपला की पोरगं रस्त्यावर. माझा मित्र तीन प्रोजेक्ट फिरला, आता मिहानमध्ये कॉल सेंटरला आहे. खूश आहे तसा.

लोणार_प्रेमी
लोणार कोणीच कसं सांगितलं नाही? खारं, अल्कधर्मी पाणी, सामू 10 च्या आसपास. 2020 च्या जूनमध्ये शेवाळामुळे सरोवर गुलाबी झालं होतं, अख्ख्या देशानं पाहिलं. विषय म्हणून सोनं आहे.

इनक्युबेटर_37
शेवाळामुळे नाही. पुण्याच्या आगरकर संस्थेच्या तपासणीत हॅलोआर्किया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले सूक्ष्मजीव, निघाले. पाणी आटलं, क्षार वाढले, तसे ते फोफावले.

लोणार_प्रेमी
पेपरात शेवाळच छापलं होतं. आणि आर्किया म्हणजे बॅक्टेरियाच की.

डॉ_निवृत्त_प्राध्यापक
नव्हे. 1977 पासून आर्किया हा वेगळा गट.

सीमा_जी_लक्ष्मीनगर
लोणार राहू द्या हो, वहिनीचं कोणी बोलेल का? मी सांगते. एएनआरएफ या केंद्राच्या संशोधन निधी संस्थेची राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप बघायला सांग, पूर्वीची एसईआरबीची. दोन वर्षांची, वयोमर्यादा 35, बायकांना पाच वर्षं सूट. मेन्टॉर आपला आपण शोधायचा असतो, म्हणजे नागपुरातल्या संस्थेतला चालतो. पीएचडीच्या गाईडकडेच परत जाऊ नकोस म्हणावं, बायोडेटावर बरं दिसत नाही. डीएसटीच्या (केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाच्या) वाइज-किरणमध्ये बायकांसाठी वेगळी पोस्टडॉक योजना आहे, तीही बघ. आणि प्रस्ताव आत्ताच लिहायला घ्यावा, व्हायवाची वाट पाहत बसू नये.

ब्रेमेनकर
वहिनींना मारी क्युरी ही युरोपची फेलोशिप सांगा. पीएचडीनंतर आठ वर्षांच्या आत अर्ज करता येतो, कुटुंब भत्ता मिळतो. सप्टेंबरात मुदत असते. इथे पाळणाघरंही छान आहेत.

बर्डीचा_बंड्या
तुम्ही अख्खं धंतोली ब्रेमेनला नेता काय?

नेट_सल्लागार
फेलोशिपसाठी ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी असाल तर महाज्योती ही राज्य सरकारची संस्था, ऑफिस दीक्षाभूमीजवळच. एससी असाल तर बार्टी, मराठा-कुणबी असाल तर सारथी. जाहिरात कधी निघेल सांगता येत नाही, आंदोलनं होतात त्यावर. तरी माझं मत क्लास लावाच.

मृण्मयी_धंतोली
सगळ्यांचे आभार. कळवायचं राहिलं होतं. एका कॉलेजात नवीनच मान्यता मिळालेल्या मॅडम आहेत, मी त्यांची पहिली विद्यार्थिनी. विषय संत्र्याच्या मुळांभोवतीचे स्फुरद विरघळवणारे जिवाणू. फेलोशिप सध्या नाही. सकाळी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये अर्धवेळ काम धरलंय आणि नेटचा फॉर्म भरलाय, क्लास न लावता. संत्रेवाले काका, तुमच्या बागेतली माती लागेल, मेसेज करते. जनरेटर विचारला. नाहीये. मॅडम म्हणाल्या, इन्व्हर्टरचं बघू.
वहिनी एएनआरएफचा प्रस्ताव लिहितेय, पुतण्या झोपला की.

जुना_पीएचडीवाला
पहिली विद्यार्थिनी? आधीच्यांना विचारायला कोणीच नाही मग. सगळं सांगून उपयोग काय झाला?

नेट_सल्लागार
फेलोशिप नाही आणि वर मेडिकल लॅबमध्ये नोकरी. मेडिकल नको म्हणाला होतात ना?

काटोलचा_संत्रेवाला
माती कधीही न्या. पाणी द्यायच्या आदल्या दिवशी या, नाहीतर चिखल भरून न्यावा लागेल. गाडी कोंढाळीकडून आणा, इकडचा रस्ता खोदून ठेवलाय.

नवा_सदस्य_आर्वी
धागा वाचला नाही पूर्ण. माझ्या मते पीएचडीपेक्षा बीएड करा, जिल्हा परिषदेची भरती निघणार आहे म्हणतात.