पावसाळी जंगलात उपयोगी स्थानिक झाडे शोधायला जायचे आहे – सल्ला हवा

रानकंद
नमस्कार मंडळी. पुढच्या वर्षी तीन आठवडे विषुववृत्ताजवळच्या पावसाळी जंगलात जायचा बेत आहे. रंगाची, धाग्याची, औषधी आणि खायची अशी तिथली उपयोगी झाडे शोधायची आहेत. अमेझॉनचे खोरे की बोर्निओ हे अजून ठरलेले नाही. आम्ही दोघे आहोत, कुळापर्यंत ओळख पटवता येते, नोंदी ठेवायची सवय आहे.

मर्यादा आधीच लिहिते. दोघांचे मिळून सामान १५ किलो, तेही कपड्यांसकट. पुढचा प्रवास लहान होडीचा आहे. विजेची खात्री नाही.

प्रश्न तीन. कोणत्या ऋतूत जावे? प्रेस (नमुने दाबून वाळवायची चौकट) न्यावी का? बिया किंवा कलमे आणता येतात का, आणि येत असतील तर कशी?

टीपकागद
प्रेस न्याच. ३० × ४५ सेंमीच्या दोन लाकडी जाळ्या, दोन पट्टे, पन्हळी पुठ्ठे, टीपकागद आणि वर्तमानपत्रांचा गठ्ठा. पुठ्ठ्याच्या नळ्या आखूड बाजूने जाणाऱ्या हव्यात. प्रेस लांब कडेवर उभी करून खालून ऊब दिली की हवा कमीत कमी अंतर कापून वर निघते. नळ्या लांब बाजूने असतील तर मधले नमुने ओलेच राहतात आणि तिसऱ्या दिवशी काळे पडतात.

ऊब ४५ ते ६० अंश. त्याहून जास्त झाली तर पाने ठिसूळ होऊन लेबल लावतानाच तुटतात. माझ्या प्रेसला खाली पंख्याचा हीटर जोडला आहे, दीड दिवसात चाळीस नमुने कडक वाळतात.

खोडकिडा
हीटर? वीज नाही असे त्यांनी लिहिले आहे हो. आणि तुमचे पुठ्ठे-कागद धरून आठ किलो कुठे गेले नाहीत.

टीपकागद
मग छोटा जनरेटर न्यावा. नमुना नीट वाळला नाही तर सगळी सहल फुकट.

पर्णहीन
प्रेसला +१. आणि लांब दांड्याचा छाटणीकात्री-बांबू घ्याच. माझा सहा मीटरचा आहे, घडीचा. पावसाळी जंगलात फुले-फळे वर छतात असतात, खाली फक्त पाने. पानांवरून कूळ कळेल, जात कळणार नाही.

नियमावली
सामानाचे नंतर. परवानगी आहे का, हे आधी.

१९९२ च्या जैवविविधता करारापासून प्रत्येक देशाचा आपल्या जनुकीय संपत्तीवर सार्वभौम हक्क आहे. २०१० चा नागोया करार २०१४ पासून लागू आहे. त्यात दोन गोष्टी येतात: त्या देशाची (आणि जिथे लागू तिथे स्थानिक समाजाची) पूर्वसंमती आणि लाभवाटपाच्या लेखी अटी. झाड ‘उपयोगी’ आहे हे गावातल्या माणसाने सांगितले म्हणून तुम्ही ते उचलणार असाल तर ती माहितीही यात धरली जाते.

ब्राझीलमध्ये २०१५ चा १३१२३ क्रमांकाचा कायदा आहे. परदेशी व्यक्तीला एकटीने काहीही करता येत नाही, तिथल्या संशोधन संस्थेची जोड लागते. मलेशियाच्या साबा राज्यात २००० च्या जैवविविधता कायद्याखाली वेगळा परवाना लागतो. दोन्हीकडे पर्यटक व्हिसावर नमुने गोळा करणे हा गुन्हा ठरू शकतो. अर्ज-उत्तरात महिने जातात, त्यामुळे तिकीट शेवटी काढा.

जुनाजाणता
पूर्वी असले काही नव्हते. हेन्री विकहॅम हा इंग्रज १८७६ साली ब्राझीलमधून रबराच्या ७०,००० बिया घेऊन सरळ निघाला आणि आशियातले रबर उभे राहिले. आज एक पान उचलायला तीन सह्या.

शेवाळी
सरळ कसला, चोरून नेल्या त्याने.

नियमावली
चोरी नव्हती. रबराच्या बिया बाहेर न्यायला त्या वेळी ब्राझीलमध्ये कायद्याने बंदी नव्हती. पुढे लाभ कोणाला झाला हा प्रश्न मात्र खरा, आणि तसे पुन्हा होऊ नये म्हणून तर हे सगळे करार आले.

शेवाळी
कायदा नव्हता म्हणजे चोरी नव्हती? वा!

कोंब
तुमचा वाद चालू द्या, पण त्या गोष्टीत रानकंद ताईंच्या कामाचे जे आहे ते कोणीच सांगितले नाही. त्या ७०,००० पैकी लंडनच्या क्यू उद्यानात उगवल्या सुमारे २,७००. शंभरातल्या चार! आणि त्याने त्या काळजीने नेल्या होत्या: केळीच्या वाळलेल्या पानांच्या थरांत, वेताच्या उघड्या पेट्यांत, हवा खेळती राहील अशा. रबराचे बी वाळले की मरते आणि कोंडले की कुजते.

तेव्हा आधी यादी करा की तुमच्या झाडांचे बी कोणत्या प्रकारचे आहे.

वाळवून टिकणारे: शेंदरी, मिरची, तंबाखू, अक्कलकारा, बहुतेक शेंगवर्गीय. हे आणणे सोपे. पण पावसाळी जंगलातल्या हवेत ते आपोआप वाळत नाही. बियांच्या वजनाइतके सिलिका जेल (ओल शोषणारे खडे) घेऊन दोन्ही घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर ठेवा, बिया कागदी पाकिटात. जेल नारिंगी रंगाचे घ्या. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असते, ते विषारी.

न वाळणारे: रबर, कोको, ग्वाराना, आसाई, कामू-कामू, रांबुतान, डुरियन. ह्यांना सिलिका म्हणजे मृत्यूच. गर धुऊन, सावलीत वरचे पाणी फक्त टिपून, किंचित ओलसर कोकोपीट किंवा लाकडाच्या भुशात, भोके पाडलेल्या पिशवीत. कोकोला १५ अंशांखाली थंडी बाधते, त्यामुळे फ्रिजमध्ये ‘ताजे’ ठेवू नका. विमानाच्या सामानकक्षातही गारठा असतो, जवळच्या पिशवीत ठेवा. असली फळे सहलीच्या शेवटच्या तीन दिवसांतच घ्यायची. पहिल्या आठवड्यात घेतलेली परत येईपर्यंत पिशवीतच कोंब काढतात.

मधल्या प्रकारचे: कॉफी, पपई. थोडे वाळवलेले चालते, फार वाळवले किंवा थंडीत ठेवले तर जातात.

शेवाळी
वाखूसा (वाचनखूण साठवली). _/\_

पर्णहीन
बियांपेक्षा कलमे बरी, आईझाडाचे गुण जसेच्या तसे मिळतात. कसाव्याची पक्की कांडी २० सेंमीची, टोकांना मेण लावून सावलीत ठेवली तर आठवडे टिकते. व्हॅनिलाची वेल तर कापून चार दिवस नुसती पडू द्यावी, टोक सुकल्यावरच लावायची. पानवाल्या कलमांची पाने निम्मी कापा, ओल्या कागदात गुंडाळा, पिशवी फुगवून बंद करा.

नियमावली
व्हॅनिला ऑर्किडच्या कुळातली आहे आणि ते सगळे कूळ सायटिसच्या (दुर्मिळ जातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत आहे. रानातली कापलीत तर निर्यात परवाना लागेल. तसेच अगरूचे झाड, सर्पगंधा, अमेझॉनचे रोजवूड, घटपर्णी, वृक्षनेचे. ‘उपयोगी’ म्हणून जी झाडे आधी डोळ्यापुढे येतात त्यातली बरीच ह्याच यादीत सापडतात, कारण उपयोगापायीच ती तोडली गेली.

शिवाय जिवंत काहीही आणायचे तर आपल्या देशाचा आयात परवाना आधी हातात हवा. मग तिथल्या अधिकाऱ्याने तपासून दिलेले वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र, त्यावर आयात परवान्यातल्या अटी उतरवलेल्या. क्रम उलटा झाला तर माल विमानतळावरच जाळतात. माती तर कुठेच चालत नाही, मुळे धुऊन पांढरी हवीत.

खोडकिडा
आणि हे नुसते कागदी भूत नाही बरं का. दक्षिण अमेरिकेत रबराच्या पानांवर एक करपा पडतो. त्याच्यामुळे तिथे रबराच्या मोठ्या बागा टिकत नाहीत, फोर्डलँडियाचे (फोर्डने ब्राझीलमध्ये केलेल्या रबराच्या बागेचे) तेच झाले. तो आशियात पोचला नाही म्हणून तिथल्या बागा उभ्या आहेत. कोकोची कलमे एका देशातून दुसऱ्या देशात जाताना रेडिंग विद्यापीठाच्या विलगीकरण केंद्रात दोन दोन वर्षे निगराणीखाली ठेवतात. तुम्ही ओल्या कागदात गुंडाळून आणलेले कलम ह्या सगळ्याला वळसा घालून येते. बुटांचे तळवेसुद्धा घासून, स्पिरिट मारून निघा.

टीपकागद
म्हणून म्हणतो, प्रेस. वाळलेल्या नमुन्याला ह्यातले निम्मे त्रास नाहीत.

सावलीतला
सगळे प्रतिसाद वाचले नाहीत, पण प्रेस नक्की न्या.

खोडकिडा
रानकंद ताई, १५ किलोत बसणारा उपाय सांगतो. कुणी श्वाइनफुर्ट पद्धतीचे नाव काढले नाही याचे नवल वाटते. नमुना वर्तमानपत्रात घालायचा, वीतभर उंच गठ्ठा झाला की सुतळीने बांधायचा, जाड प्लास्टिकच्या पिशवीत उभा घालून ६०-७० टक्क्यांचे स्पिरिट अर्धा ते एक लिटर ओतायचे, हवा दाबून काढायची आणि तोंड चिकटपट्टीने दोनदा बंद. महिना-दोन महिने काही होत नाही. वाळवायचे ते गावात परत आल्यावर, वीज असलेल्या ठिकाणी. स्पिरिट तिथेच विकत घ्या, विमानात नेऊ नका.

तोटे: पाने तपकिरी होतात, फुलांचा रंग जातो, डीएनए खराब होते. म्हणून भिजवण्याआधी पानाचा दोन-तीन सेंमीचा तुकडा, मधली शीर टाळून, चहाच्या रिकाम्या पिशवीत घालून दहापट वजनाच्या सिलिकात ठेवा. २४ तासांत कुडकुडीत झाला पाहिजे. नाही झाला तर जेल कमी आहे.

रंग, वास, चीक आणि सालीवर नखाने ओरखडल्यावर काय दिसते ते तिथेच उभ्या उभ्या लिहा. संध्याकाळी मुक्कामावर लिहू म्हटले की चार झाडांचा चीक एकच होतो. झाडाची उंची, खोडाचा घेर, जीपीएस, समुद्रसपाटीपासून उंची, उपयोगाचा भाग, तो कोणी सांगितला आणि त्याची परवानगी घेतली का, हेही.

टीपकागद
स्पिरिटमधले नमुने हर्बेरियमवाले (वाळलेल्या नमुन्यांच्या संग्रहालयातले) नाक मुरडून घेतात.

खोडकिडा
घेतात ना पण! तुमचे काळे पडलेले घेत नाहीत.

टीपकागद
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

पर्णहीन
अळूच्या कुळातले आणि मांसल पानांचे नमुने प्रेसमध्येही जगत राहतात आणि पाने गाळतात. आधी काही सेकंद उकळत्या पाण्यात बुडवा. स्पिरिटमध्ये घालणार असाल तर गरज नाही, ते स्पिरिटच मारते.

जुनाजाणता
ऋतूचे कोणी बोलेना. कोरड्या दिवसांतच जा. वाटा चालू असतात, जळवा कमी, नमुने वाळतात. बोर्निओ बरे, झाडांचे वैविध्य अफाट.

कोंब
कोरड्याला सहमत. बोर्निओबद्दल सावध करते: तिथली मोठी डिप्टेरोकार्प झाडे दर वर्षी फळत नाहीत. काही वर्षांच्या खंडानंतर सगळी एकदम फळतात, आणि तो खंड ठरलेला नसतो. मधल्या वर्षात गेलात तर बी दिसणारही नाही. बाकीची झाडे फळतात, पण त्या भव्य झाडांसाठी जाणार असाल तर आधी चौकशी करा.

शेवाळी
कोरडा ऋतूच. इथे सगळ्यांचे एकमत झाले, इतिहासात नोंद करा.

रानकंद
सगळ्यांचे आभार. एवढे प्रतिसाद येतील असे वाटले नव्हते. ठरले ते सांगते, रागावू नका.

अमेझॉन, ब्राझीलमधल्या मनौस शहराच्या बाजूला, आणि जूनमध्ये. म्हणजे पाणी सर्वांत वर असताना. कोरड्या ऋतूत नाही. तिथे नदीची पातळी वर्षात सरासरी दहा मीटर वर-खाली होते. जूनमध्ये पुराच्या जंगलातली झाडे निम्मी पाण्यात असतात आणि होडी थेट फांद्यांना लागते. त्या जंगलातली बरीच झाडे पाणी चढलेले असतानाच फळतात, त्यांच्या बिया पाण्यावर तरंगून आणि माशांच्या पोटातून पसरतात. पर्णहीन, तुमचा सहा मीटरचा बांबू लागणारच नाही.

प्रेस नेत नाही. खोडकिडा यांची स्पिरिटची पद्धत घेते. तिथल्या संशोधन संस्थेच्या गटाला मदतनीस म्हणून जोडून घेता येईल का, याचा अर्ज केला आहे. मिळाला तर सगळे नमुने त्यांच्याच हर्बेरियममध्ये राहतील, प्रतीसुद्धा. नाही मिळाला तर फक्त छायाचित्रे आणि नोंदी. जिवंत काही आणणार नाही. शेंदरीचे बी मला इथेही मिळते.

टीपकागद
मग जाता कशाला, असे विचारावेसे वाटते.

जुनाजाणता
पाण्यात साप असतात.

कोंब
निर्णय पटला नाही, आसाईचे बी बघायचे होते. पण जातच आहात तर दोन गोष्टी. पाण्यावर तरंगणारे फळ कोणत्या झाडाचे ते खात्रीने सांगता येत नाही, फांदीवरचे असेल तरच नोंदीत लिहा. आणि पुरात मुंग्या, विंचू, कोळी सगळे वर चढलेले असतात. ट्रिप्लारिस नावाच्या झाडाच्या पोकळ फांद्यांत डंख मारणाऱ्या मुंग्या राहतात, त्याला धरून होडी थांबवू नका.

खोडकिडा
सिकेटरला (हातातल्या छाटणीकात्रीला) दोरी बांधून मनगटात अडकवा, पाण्यात पडला की गेला. चीक उडू शकतो, डोळ्यांना साधा चष्मा तरी हवा. हुरा क्रेपिटान्स या झाडाचा चीक डोळ्यात गेला तर दृष्टीवर बेतते. आणि कापताना दोघांनी एकाच बाजूला वाकू नका, एकाने होडीच्या समोरच्या कडेला बसून राहायचे.